आईच्या कानाच्या पडद्याला मोठं छिद्र: फॅशिया की कूर्चा, मायक्रोस्कोप की एंडोस्कोप?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ४८. डावा कान लहानपणापासून सर्दी झाली की वाहायचा, गेले चार महिने कोरडा आहे. पडद्याच्या पुढच्या आणि खालच्या भागात मोठं छिद्र आहे. ऐकण्याच्या तपासणीत डाव्या कानाचे आकडे हवेतून ४० डेसिबल आणि हाडातून १० डेसिबल आले आहेत (आकडा जितका कमी तितकं ऐकणं चांगलं). एका डॉक्टरांनी कानामागे चिरा घेऊन मायक्रोस्कोपखाली स्नायूवरचं आवरण बसवू असं सांगितलं. दुसऱ्यांनी बाहेर चिरा न घेता, एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा लावलेली बारीक दुर्बीण, वापरून कानाच्या कूर्चेचा, म्हणजे लवचिक मऊ हाडाचा, तुकडा लावू असं सांगितलं. यात बरोबर कोण, आणि ऑपरेशननंतर ऐकू कितपत येईल?

दोघंही बरोबर आहेत. दोन्ही वाटांनी पडदा चांगला जुळतो आणि दोन्ही पद्धती जगभर रोज वापरल्या जातात. पण तुम्ही जे सांगितलंत त्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक शब्द, ‘पुढच्या’. छिद्र पडद्याच्या पुढच्या भागात असणं आणि ते मोठं असणं, या दोन गोष्टींवर ऑपरेशनचं यश जितकं ठरतं तितकं ते कोणतं यंत्र वापरलं यावर ठरत नाही. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘पुढच्या कडेला ग्राफ्ट, म्हणजे छिद्रावर बसवायचा तुकडा, कसा टिकवणार?’ त्याचं उत्तर जे स्पष्टपणे, चित्र काढून देतील, त्यांच्याकडे निश्चिंत मनानं जा. हा प्रश्न का, ते आता सविस्तर सांगतो.

आधी, हे छिद्र आपोआप का भरलं नाही? कानाचा पडदा जेमतेम ८ ते १० मिलिमीटर व्यासाचा आणि साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. एवढ्या जाडीत तीन थर असतात: बाहेरून त्वचा, मध्ये तंतूंचा थर आणि आतून मध्यकर्णाचं, म्हणजे पडद्यामागच्या हवेच्या पोकळीचं, ओलसर अस्तर. थोबाडीत बसल्यानं किंवा दिवाळीत फटाका कानाजवळ फुटल्यानं पडदा फाटतो तेव्हा कड ताजी असते, त्वचा पुढे सरकते आणि बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत छिद्र भरून येतं. त्या काळात कानात थेंब न घालता, पाणी जाऊ न देता नुसतं थांबायचं असतं. आईंचं तसं नाही. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानात बाहेरची त्वचा आणि आतलं अस्तर छिद्राच्या कडेवर येऊन एकमेकांना भेटतात. एकदा ती भेट झाली की वाढ थांबते. शरीराच्या दृष्टीनं तिथे जखमच उरलेली नसते.

म्हणून कोणतंही तंत्र असो, ऑपरेशनची पहिली पायरी ठरलेली आहे. छिद्राची जुनी कड गोलाकार सोलून काढायची आणि ती पुन्हा ताजी जखम करायची. बारीक अणकुचीदार हत्यारानं आधी कडेभोवती टोचे घ्यायचे, मग ते रिंगण एका तुकड्यात उचलायचं. छिद्र त्यामुळे थोडं मोठं दिसू लागतं, पण ते तसंच हवं. कडेला खडूसारखे पांढरे डाग असतील तर तेही काढावे लागतात, कारण त्या भागात रक्तपुरवठा नसतो आणि तिथे काहीच रुजत नाही. बघणाऱ्याला हे काम किरकोळ वाटतं. माझ्या मते ग्राफ्ट न जुळण्याची बरीच कारणं इथेच, घाईत राहून गेलेल्या कडेत असतात.

आता ग्राफ्ट कशाचा. माणसानं या छिद्रावर काय काय लावून पाहिलं नाही! १६४० मध्ये मार्कुस बान्झर यानं डुकराच्या मूत्राशयाचा पातळ पापुद्रा नळीवर ताणून कानात बसवल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात कापसाचे बोळे, चांदीच्या तारेला लावलेली रबराची चकती, कागद असं सगळं झालं. १८७८ मध्ये बर्थोल्ड यानं रुग्णाचीच त्वचा लावून हे छिद्र बंद केलं आणि या कामाला मायरिंगोप्लास्टी हे नाव दिलं. पण या शास्त्राला खरं वळण मिळालं ते १९५० च्या दशकात, जर्मनीत. वुलस्टाइन आणि झोलनर यांनी पडदा आणि त्यामागची हाडांची साखळी हे एकच ध्वनियंत्र मानून ते दुरुस्त करायची पद्धत मांडली. तिलाच आपण टिम्पॅनोप्लास्टी म्हणतो. त्या वेळी तेही त्वचाच वापरत होते. त्वचेचा अडचणीचा भाग असा की ती कानातही त्वचाच राहते: कोंडा टाकते, सुजते, संसर्ग धरते. म्हणून शोध पुढे चालू राहिला आणि त्या दशकाच्या शेवटी हेरमान यांनी कानाच्या वरच्या बाजूला असणाऱ्या टेम्पोरालिस स्नायूवरचं पांढरं आवरण, म्हणजे टेम्पोरालिस फॅशिया, वापरायला सुरुवात केली.

फॅशिया आजही सगळ्यात जास्त वापरला जातो आणि त्याची कारणं भक्कम आहेत. कानामागच्या त्याच चिऱ्यातून तो मिळतो. हवा तेवढा मोठा मिळतो, त्यामुळे पूर्ण पडदाभर छिद्र असलं तरी पुरतो. वाळवला की कागदासारखा कडक होतो आणि हवा तसा कापता येतो, आत गेल्यावर पुन्हा मऊ होऊन पडद्याला चिकटतो. आणि त्याची भूक फार कमी असते. नव्या रक्तवाहिन्या पोचेपर्यंतचे दिवस तो तग धरतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपण बसवलेला तुकडा म्हणजे नवा पडदा नव्हे. वेलीला जसा मांडव घालतात तसा तो आहे. आईंच्या स्वतःच्या पडद्याची त्वचा बाहेरून आणि अस्तर आतून त्यावर चढत जातं, आणि पडदा तयार होतो तो त्यातून.

फॅशियाची कमजोरी अशी की तो आकसतो. ज्या कानात हवेचा दाब नीट राहत नाही तिथे तो हळूहळू आत ओढला जातो, पातळ होतो. कूर्चेचा फायदा नेमका इथे आहे. कानाच्या भोकापुढचा जो टणक कोंब असतो, म्हणजे ट्रेगस, त्यातून किंवा कानाच्या वाटीतून कूर्चेचा तुकडा तिच्यावरच्या पातळ आवरणासकट काढतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागत नाहीत, आजूबाजूच्या द्रवातून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते. ती सहसा आकसत नाही आणि आतल्या उणे दाबाला दाद देत नाही. दुसऱ्यांदा करायचं ऑपरेशन, अख्खा पडदा गेलेला कान, आत ओढला गेलेला पडदा, टाळू फाटलेल्यांचे कान, या सगळ्या ठिकाणी मी कूर्चाच निवडतो.

‘कूर्चा जाड, मग ऐकू कमी येणार नाही का?’ ही शंका बऱ्याच जणांना येते आणि ती रास्त आहे. ट्रेगसची कूर्चा साधारण १ मिलिमीटर जाड असते. ती तासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणली तर आवाजाच्या कंपनाला फारसा अडथळा होत नाही, हे प्रयोगांतून दिसलं आहे आणि रुग्णांच्या तुलनांमध्येही दोन्ही ग्राफ्टनंतरचं ऐकणं जवळपास सारखंच आढळतं. कूर्चेची खरी अडचण वेगळी आहे. ती अपारदर्शक असते. नंतर तपासताना तिच्यामागे पाणी साठलंय की आणखी काही वाढतंय ते दिसत नाही. म्हणून ज्या कानात आजार पुन्हा उद्भवायची शंका आहे तिथे संपूर्ण पडदा कूर्चेनं झाकताना मी दोनदा विचार करतो आणि एखाद्या भागात फॅशियाची खिडकी ठेवतो.

छिद्र अगदी लहान, दोन-तीन मिलिमीटरचं असेल तर कानाच्या पाळीतली चरबी घेऊन बाटलीला बूच लावावं तशी बसवता येते. कूर्चेला चहूकडून खाच पाडून ती छिद्राच्या कडेत अडकवण्याची पद्धतही आहे, फुलपाखराच्या आकारावरून तिला बटरफ्लाय म्हणतात. आईंचं छिद्र मोठं असल्यानं हे दोन्ही पर्याय त्यांच्यासाठी नाहीत.

आता मूळ मुद्दा. ग्राफ्ट ठेवायचा कुठे? सगळ्यात रुळलेली पद्धत अंडरले. कानाच्या नळीच्या, म्हणजे बाहेरून पडद्यापर्यंत जाणाऱ्या वाटेच्या, मागच्या भिंतीवरची त्वचा पडद्याच्या कडेसकट पान उलटावं तशी पुढे उचलायची, मध्यकर्णात शिरायचं आणि ग्राफ्ट पडद्याच्या आतल्या बाजूला ठेवायचा. त्याच्याखाली जेलफोम नावाचा विरघळणारा स्पंज भरायचा, म्हणजे ग्राफ्टला खालून आधार मिळतो. मागच्या बाजूला हे छान बसतं, कारण तिथे ग्राफ्टचं टोक हाडाच्या भिंतीवर पसरून ठेवता येतं. पुढच्या बाजूला असा ओटा नसतो. तिथे समोर नाकामागून मध्यकर्णात हवा आणणाऱ्या युस्टेशियन नळीचं तोंड उघडतं, ग्राफ्टखाली पोकळी असते, रक्तपुरवठाही मागच्यापेक्षा कमी असतो. जेलफोम थोडा लवकर विरघळून खाली बसला की ग्राफ्टची पुढची कड खाली घसरते आणि दोन महिन्यांनी तिथे चंद्रकोरीसारखं छिद्र उरतं. अयशस्वी ऑपरेशनांचे कान तपासताना हीच चंद्रकोर वारंवार दिसते.

हे टाळण्यासाठी पुष्कळ युक्त्या आहेत. एक म्हणजे पुढच्या बाजूला पडद्याच्या कडेच्या जाड वलयाखालून एक छोटा बोगदा करायचा, ग्राफ्टची शेपटी त्यातून बाहेर ओढायची आणि नळीच्या त्वचेखाली दाबून ठेवायची. मला स्वतःला मोठ्या पुढच्या छिद्रांसाठी ही युक्ती सगळ्यात भरवशाची वाटते. दुसरी, ग्राफ्ट हातोडी या हाडाच्या दांड्याच्या बाहेरून पण पडद्याच्या वलयाच्या आतून न्यायचा, म्हणजे दांडा त्याला मध्ये तोलून धरतो. तिसरी, पुढच्या भागापुरती कूर्चेची एक पट्टी उभी करायची आणि फॅशिया तिच्यावर टेकवायचा.

याच्या उलट ओव्हरले पद्धत. इथे उरलेल्या पडद्यावरची त्वचा सोलून ग्राफ्ट तंतूंच्या थरावर बाहेरून ठेवतात. पुढची कड त्यात घट्ट बसते, म्हणून पूर्ण पडदा गेलेल्या कानांत तिचे निष्णात समर्थक आहेत. पण किंमतही आहे. त्वचेचा कणभर तुकडा ग्राफ्टखाली राहिला तर तिथे मोत्यासारखी गाठ वाढते. पुढचा कोपरा जाड होऊन बोथट होऊ शकतो. कधी नवा पडदा हातोडीपासून सुटून बाहेर सरकतो आणि पडदा अखंड असूनही ऐकू कमी येतं. बरं व्हायलाही जास्त आठवडे लागतात. जो सर्जन ही पद्धत नेहमी करतो त्यानंच ती करावी.

यंत्राचा प्रश्न इथे येतो. १९५३ मध्ये जर्मनीतल्या झाइस कंपनीचा ऑपरेशनचा मायक्रोस्कोप आला आणि कानाची शस्त्रक्रिया बदलून गेली. मायक्रोस्कोपचं मोठं बळ म्हणजे सर्जनचे दोन्ही हात मोकळे राहतात, एका हातानं रक्त ओढून घेता येतं आणि दुसऱ्यानं काम करता येतं. खोलीही डोळ्यांना दिसते. पण त्याची नजर सरळ रेषेत जाते. कानाच्या नळीची पुढची भिंत कित्येकांत फुगीर असते आणि नेमकी ती छिद्राची पुढची कड झाकते. मग कानामागून जाऊन कान पुढे वळवावा लागतो, तरीही दिसलं नाही तर तो फुगीर हाडाचा भाग ड्रिलनं थोडा घासावा लागतो. एंडोस्कोप ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो नळीतूनच पडद्याजवळ नेला की पुढची कड समोर उघडी दिसते. बाहेर चिरा नाही, केस कापायला नकोत, कानामागे दुखणं नाही. कूर्चा ट्रेगसच्या आतल्या बाजूच्या छोट्या चिऱ्यातून निघते, तो नंतर शोधूनही सापडत नाही. अडचण अशी की एक हात एंडोस्कोप धरण्यात गुंततो. रक्त जास्त आलं की एका हातानं काम करणं कठीण होतं, भिंग सारखं पुसावं लागतं, आणि प्रकाशाची उष्णता आत पोचू नये म्हणून दिव्याची तीव्रता कमी ठेवून एंडोस्कोप अधूनमधून बाहेर काढावा लागतो.

म्हणजे आईंच्या पुढच्या छिद्रासाठी एंडोस्कोपचं पारडं थोडं जड आहे, बशर्ते तो सर्जन हे काम नेहमी एंडोस्कोपनं करत असेल. जुळण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखंच आढळतं. ज्या डॉक्टरांचा हात मायक्रोस्कोपवर बसलेला आहे त्यांना ‘आम्हाला कॅमेऱ्यानंच करून हवंय’ असा आग्रह करू नका.

ऐकण्याबद्दल. पडदा आवाज गोळा करतो आणि हातोडी, ऐरण, रिकीब या तीन हाडांतून आतल्या कानाला देतो. पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळपायाच्या सुमारे १७ पट असतं, त्यात हाडांच्या तरफेची १.३ पटीची भर पडते आणि दाब सुमारे २२ पट होतो. छिद्र मोठं झालं की ही वाढ हरवते. आईंच्या तपासणीत हवेच्या आणि हाडाच्या आकड्यांत ३० डेसिबलचं अंतर आहे. एवढं अंतर नुसत्या मोठ्या छिद्रानंही पडतं, म्हणजे हाडांची साखळी शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे. अंतर ४५-५० च्या पुढे असतं तर साखळी तुटल्याची शंका घेऊन हाड बदलण्याची तयारी ठेवावी लागली असती. साखळी नीट असली आणि पडदा जुळला तर बहुतेकांत हे अंतर २० डेसिबलच्या आत येतं, पुष्कळांत त्याहून कमी. हाडातून ऐकण्याचा आकडा, म्हणजे आतल्या कानाची ताकद, उत्तम असल्यानं आईंना चांगला फायदा व्हायला हवा.

ऑपरेशनच्या आधी काही गोष्टी पाहून घ्या. कान चार महिने कोरडा आहे हे फार चांगलं. मधल्या काळात लसणाचं तेल, रुईच्या पानांचा रस, काहीही कानात घालू नका. छिद्रातून ते थेट मध्यकर्णात जातं आणि बुरशीला घर मिळतं. नाकाची तपासणी झालीच पाहिजे. सतत चोंदलेलं नाक आणि सायनसचा त्रास आधी आटोक्यात हवा. साखर तपासा. आई मिश्री लावत असतील तर ती बंद करायला सांगा, निदान ऑपरेशनच्या आधी महिनाभर आणि नंतर तीन महिने. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्टला नेमक्या त्याच वाहिन्यांची गरज असते. कोणी सोबत ‘मागचं हाडही साफ करून टाकू’ असं सुचवलं तर कारण विचारा. कोरड्या, साध्या छिद्रात मास्टॉइडचं हाड उघडून काही फायदा होतो असं दिसलेलं नाही. आत कोलेस्टिॲटोमा, म्हणजे हाड कुरतडणारी त्वचेची गाठ असेल तर मात्र सगळा हिशेब बदलतो. तिथे ती काढणं पहिलं आणि पडदा नंतर.

मोठ्या माणसांत हे ऑपरेशन जागेवर भूल देऊनही होतं. चांगल्या हातात शंभरातले ८५ ते ९० पडदे जुळतात, पुढच्या मोठ्या छिद्रात प्रमाण थोडं कमी धरा. धोक्यांपैकी एक आधी माहीत असलेला बरा: चवीची एक बारीक नस पडद्यामागूनच जाते. ती ताणली गेली तर जिभेच्या त्या बाजूला काही महिने धातूसारखी चव लागते. कानामागे चिरा घेतला तर कानाचा वरचा भाग काही महिने बधिर राहतो. आतल्या कानाला इजा होऊन ऐकणं कायमचं जाणं शंभरात एकाहूनही कमी वेळा घडतं, चेहऱ्याच्या नसेला धक्का त्याहून विरळा. तरीही, दुसरा कान आधीच निकामी असेल आणि हाच एक ऐकता कान असेल, तर फार विचार करूनच हात लावायचा असतो. तुम्ही उजव्या कानाचा अहवाल लिहिला नाहीत, तो डॉक्टरांना नक्की दाखवा.

नंतरचे पहिले तीन-चार आठवडे कामाचे. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. डोक्यावरून पाणी नाही. अंगावरून अंघोळ करतानाही व्हॅसलीन लावलेला कापूस कानात हवा. हंडा, चाऱ्याचा भारा, पोतं उचलणं बंद. टाके असतील तर आठवड्यानं निघतात. विमानप्रवास डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय नको. सुरुवातीला आईंना आधीपेक्षाही कमी ऐकू येईल, कारण आत आणि बाहेर जेलफोम भरलेला असतो. त्यानं घाबरू नका, घाईनं ऐकण्याची तपासणी करू नका. ती तीन महिन्यांनी करायची.

खर्चाची अडचण असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग हे ऑपरेशन नियमित करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना आधी विचारा.

आणि आईंना ऑपरेशन नकोच असेल तर त्यांच्यावर दबाव आणू नका. कोरडं, पडद्याच्या कडेचं वलय शाबूत असलेलं छिद्र जिवाला धोक्याचं नसतं. पाण्यापासून कान जपायचा, विहिरीत-नदीत डुंबायचं नाही, वर्षातून एकदा तपासून घ्यायचं, आणि ऐकण्याची अडचण होत असेल तर श्रवणयंत्र लावून पाहायचं. पण कानातून घाण वास येणारा पू, चक्कर, तोंड एका बाजूला वाकडं होणं, किंवा कान वाहत असताना ताप आणि जोराची डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.